तिसऱ्या तोफेतून ओरेस्ट

१० मे, शुक्रवार

पेनरने दोन्ही हात खाली दाबत मला बसायची खूण केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उभा आहे आणि लीजनचा सगळा हॉल आमच्याकडे बघतो आहे. बिलियर्ड खेळणारे दोघे काठ्या टेकून थांबले होते. बारमागच्या बाईने टीव्हीचा आवाज बंद केला होता.

खरं तर मी गुपचूप विचारायचं ठरवून गेलो होतो. माजी सैनिकांच्या त्या हॉलमध्ये शुक्रवारी गर्दी असते, म्हणून कोपऱ्यातलं टेबल धरलं. पण पेनरने अर्धं आयुष्य तोफखान्यात काढलं आहे आणि त्याचा डावा कान गेला आहे. हळू बोललं की तो 'काय?' म्हणतो. माझे कान उत्तम आहेत, फक्त हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यामुळे त्याला मोठ्याने बोलावं लागतं, मग मलाही. दोन तोफखानेवाल्यांनी कानगोष्ट करू नये हे मला आता कळलं.

विचारलं ते एवढंच: पंचवीस तारखेला आपल्या तुकडीला शंभर वर्षं होतात, सरोवराच्या काठी तोफांची सलामी आहे; तर त्यातल्या एका तोफेतून ओरेस्टची राख उडवता येईल का?

पेनर तुकडीचा सार्जंट-मेजर आहे. आमची तुकडी राखीव दलाची, म्हणून आठवड्याचे बाकीचे दिवस तो लोकांच्या घरी विजेच्या तारा ओढतो. त्याने बराच वेळ ग्लास टेबलावर फिरवला. मग विचारलं, "नेटीशी बोललात, सार्जंट?"

मी म्हणालो, बायको असली त्याची, तरी यात नेटीचा काय संबंध. ओरेस्ट हृयत्साक आणि मी एका तोफेवर होतो. तोफ माझ्या हुकमाखाली, नेम त्याचा. शायलोच्या लष्करी तळावरच्या सरावात एका रात्री, पावसात, ताडपत्रीखाली बसून आम्ही एकमेकांना शब्द दिला. जो आधी जाईल त्याला मागे राहील त्याने नळीतून पाठवायचं. "मला जमिनीत घालू नकोस, एम," तो म्हणाला होता. "आयुष्यभर जमीनच उकरली." दोघांच्याही पोटात राय व्हिस्की होती हे खरं, पण हातावर हात मारला तो मारला. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

फेब्रुवारीत तो गेला. मी सलामीची वाट बघत थांबलो आहे.

१२ मे, रविवार

नेटीकडे जाऊन आलो. चर्चमध्ये तिला आधीच तिघांनी विचारलं होतं, त्यामुळे मला सुरुवात करावी लागली नाही.

ओरेस्टच्या राखेचा हिरवा डबा टीव्हीवर आहे. खाली तिने भरतकामाचा रुमाल घातला आहे. ती डब्यासमोर उभी राहिली, मी जणू तो उचलून पळणार होतो.

"जन्मभर मी या माणसाला घरात बसवायला धडपडले," ती म्हणाली. "मंगळवारी कवायत. शुक्रवारी लीजन. उन्हाळा आला की शायलो. आता कुठे तो घरी बसलाय, एम, आणि तू त्याला पुन्हा बाहेर काढायला आलास."

मी म्हणालो, त्याला शब्द दिलाय.

"मलाही दिला होता त्याने. फादरसमोर. तू साक्षीला होतास."

तिने पिरोगी वाढल्या, बटाटा भरलेल्या, वरून परतलेला कांदा. ती रागावली की कांदा जास्त परतते. चवीला चांगल्या झाल्या होत्या.

येताना गाडीत वाटलं, सोडून द्यावं. ओरेस्टला कुठे कळणार आहे. पण मग हेही वाटलं की माझ्या वेळी कोण आहे? बायको, मार्गारेट, आधीच गेली. मुलगा कॅलगरीला. त्याला तोफेचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते माहीत नाही. ओरेस्टचंच झालं नाही, तर माझं व्हायचा प्रश्नच नाही. मग झोपलो.

१५ मे, बुधवार

मेजर सिंक्लेअरना भेटलो. त्या तुकडीच्या कमांडर, आणि इथल्या शाळेत उपमुख्याध्यापक. शाळेतच गेलो. ऑफिसबाहेर दंगेखोर मुलांना बसवतात त्या बाकावर बसावं लागलं. बाक ठेंगणा आहे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, सलामीच्या काडतुसात गोळा नसतो, नुसती दारू आणि आवाज. त्याच्या पुढे नळीत काहीही घालायला सक्त मनाई आहे, समोर लोक असताना तर विचारूच नका. हे मलाही माहीत होतं. मी त्यांच्या जन्माच्या आधीपासून लोकांना हेच शिकवत होतो.

"सार्जंट थोर्डरसन," त्या म्हणाल्या, "मी हे ऐकलेलं नाही."

म्हणून मी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्याने. बाहेरच्या क्लार्कबाईंनी उठून दार लावलं.

मेजर खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. नंतर विषय बदलून कार्यक्रमाचं सांगायला लागल्या. सलामीआधी त्या पहिली आणि दुसरी तोफ तपासतील. तिसरीपाशी पोचतील तोवर मेयर त्यांना गाठतील, आणि मेयर बोलायला लागले की आवरत नाहीत. तेव्हा तिसरी तोफ तपासायची बहुधा राहूनच जाईल. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मला ते आवडलं नाही. आमच्या वेळी कमांडर प्रत्येक तोफेच्या नळीत स्वतः डोकावून बघायचा. मी तसं त्यांना म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पेनरशी बोला."

शिस्त ढिली झाली आहे. बाई तशा सभ्य आहेत.

१७ मे, शुक्रवार

पेनर तयार आहे. कसं ते मी त्याला विचारायच्या आधी तो म्हणाला, "तिसरी." मी त्याला मेजरांचा हलगर्जीपणा सांगितला. तो म्हणाला, त्याला माहीत आहे.

आता फक्त नेटीचा होकार बाकी. पण लीजनमध्ये सगळे तो मिळालाच असं धरून चालतात. बायकांच्या मंडळाने जास्तीच्या खुर्च्या सांगितल्या आहेत. ओरेस्ट कितव्या आवाजाला जाणार असं मला चौघांनी विचारलं. त्यातला एक दंतवैद्य होता, माझ्या तोंडात हात घालून विचारत होता. नेटीला को-ऑपच्या दुकानात लोक थांबवून तिचा हात हातात घेतात आणि म्हणतात, किती मोठं मन आहे तुमचं. ती म्हणे कोबी घेऊन तशीच उभी राहते.

हे माझ्यामुळे झालं असं पेनरचं म्हणणं. मी आवाज चढवला नसता तर. मी त्याला म्हटलं, तू ऐकलं असतंस तर.

२१ मे, मंगळवार

नेटीने बोलावलं.

मागच्या अंगणात ती लोखंडी पिंपात जुन्या कुंपणाच्या फळ्या जाळत होती. कुंपण दोन वर्षांपूर्वी पडलं होतं. ओरेस्ट त्या फळ्या कशाला ना कशाला लागतील म्हणून ठेवून गेला. वसंत आला की बायकांना साफसफाई सुचते. तिच्या चेहऱ्यावर काजळी होती. मी आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने तीही आली, हात धुतले आणि कपाटातून कॉफीचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी.

"ने त्याला," ती म्हणाली. "सगळं गाव विचारतंय. मला कोबीसुद्धा सुखाने घेता येत नाही."

डबा अजून कोमट लागत होता. खिडकीतल्या उन्हाला ठेवला असावा.

हिरवा डबा टीव्हीवर होताच. त्यात थोडासा स्वतःसाठी ठेवलाय, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ते योग्यच आहे. त्याखालचा रुमाल तिरका झाला होता, म्हणून मी डबा उचलून तो सरळ केला. थोडासा म्हणाली तरी हाताला चांगलाच जड लागला. ओरेस्ट धिप्पाड माणूस होता.

माणसं बदलतात. मी नेटीला ओळखलं नव्हतं.

२३ मे, गुरुवार

डबा उघडला. उघडायचा नव्हता, पण तोफेत काय जाणार हे न बघता ते तोफेत घालणारा माणूस तोफेवर उभा राहायच्या लायकीचा नाही. आत राख होती, करडी, आणि मधे काळे तुकडे. थोडा राळेसारखा वास येत होता. शवपेटी कसल्या लाकडाची होती आता आठवत नाही.

टणक काही राहिलं तर ते गोळीसारखं जाईल, म्हणून मार्गारेटच्या पिठाच्या चाळणीने सगळं दोनदा चाळलं. चाळणीत एक खिळा राहिला.

मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होतो. ओरेस्टचा गुडघा विनिपेगच्या इस्पितळात उघडला होता, तेव्हा आत पोलाद घातलं होतं. तो ते हवामान सांगायला वापरायचा. इतका साधा खिळा असेल असं मला वाटलं नव्हतं. पण सरकारी इस्पितळ ते.

राख कागदाच्या पिशवीत भरून पेनरकडे पोचवली. सगळा आठवडा वारा जमिनीवरून सरोवराकडे वाहतो आहे, ओरेस्ट सरळ पाण्यावर जाईल, असंही सांगितलं. मग खिळा रुमालात गुंडाळून नेटीकडे गेलो. असली वस्तू बायकोचीच.

तिने तो तळहातावर घेतला. मी गुडघ्याचं सांगितलं. ती खिळ्याकडे बघे, मग माझ्याकडे बघे.

"तू सगळी राख चाळलीस, एम?"

"दोनदा."

"कशाने?"

"मार्गारेटच्या चाळणीने. तिला आता कशाला लागणार."

नेटी सिंककडे वळली. तिचे खांदे हलत होते. मी टॉवेल दिला. वळली तेव्हा चेहरा ओला होता, आणि काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं. मी थांबलो. ती म्हणाली, चहा घेणार का.

२५ मे, शनिवार

झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी लवकर गेलो. पेनर तीन तोफा मांडत होता, तोंडं सरोवराकडे. नगरपालिकेच्या एका सदस्याने दुसऱ्या तोफेला टेकून चाकावर कॉफीचा कप ठेवला होता. मी त्याला उठवलं. पायदळाला झेंडा असतो, आम्हाला तोफ असते. झेंड्याला कोणी टेकत नाही, झेंड्यावर कोणी कॉफी ठेवत नाही. तो म्हणाला, माहीत नव्हतं. मी म्हणालो, म्हणून सांगितलं.

सगळं गाव आलं होतं. खुर्च्या तरीही कमी पडल्या. लोक मला भेटून हात दाबत होते, माझंच कोणी गेल्यासारखे. नेटी पहिल्या ओळीत, निळा कोट घालून बसली. ती कोणाकडे बघत नव्हती.

मेजर सिंक्लेअरनी पहिल्या दोन तोफा तपासल्या. तिसरीकडे निघाल्या आणि मेयरनी त्यांना अडवलं, अगदी त्या म्हणाल्या होत्या तसं. बाईंचा अंदाज चांगला आहे. मेयरना त्यांनीच प्रश्न विचारला असं मला लांबून दिसलं, पण ते जाऊ दे.

मग भाषणं. मेयरच्या भाषणात शंभर वर्षांतलं प्रत्येक वर्ष आलं. त्या भाषणातच केव्हातरी वारा फिरला. मला गालावर गार लागलं. तेव्हाच कळायला हवं होतं. शायलोला आम्ही तासातासाला वारा घ्यायचो, त्यावर गोळ्याचा हिशेब बदलायचो. पण सलामीला वारा कोणी बघत नाही. सलामीत उडणारं काही नसतं. शंभर वर्षांत नव्हतं. पेनरने बघितला नाही, मेजरनी बघितला नाही, मीही नाही, आणि आम्ही तिघांनी मिळून या कामात हयात घालवली आहे.

पेनरने मला तिसऱ्या तोफेच्या मागे उभं केलं. म्हणाला, "हुकूम तुमचा, सार्जंट." हे आधी ठरलं नव्हतं. पहिली तोफ झाली. दुसरी झाली. माझा आवाज निघेल की नाही अशी धास्ती वाटली. निघाला. "तिसरी तोफ, फायर."

पहिल्या दोन तोफांचा धूर पांढरा होता. हा करडा निघाला. काठावर जरा वेळ उभा राहिला, ओरेस्टला कुठे जायचं ते ठरत नसल्यासारखा. मग सरोवरावरून वारा आला आणि सगळा ढग आमच्या अंगावर.

पेनर घड्याळावर होता. पहिली तोफ पुन्हा वेळेवर झाली, दुसरी झाली. सलामी थांबवत नाहीत. आणि त्या आवाजांमध्ये ती राख खाली बसत होती. खुर्च्यांवर, बँडच्या वाद्यांवर, केकवर, मेयरच्या टकलावर. मेजर सिंक्लेअर सलाम धरून उभ्या होत्या. टोपीवर राख, पापण्यांवर राख. लीजनची बारमागची बाई डोळे मिटून उभी होती. दंतवैद्याने तोंड घट्ट मिटलं होतं. कोणीही झटकली नाही. ओरेस्ट आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पोरंसुद्धा हलली नाहीत.

फक्त नेटीने झटकली. बाहीवरून हात फिरवून, पीठ झटकावं तशी, दोनदा. आणि मग तिने शेजारी बघितलं. मग मागे. सगळ्यांकडे बघितलं, ओळीमागून ओळ, आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. तिसऱ्यांदा झटकायला उचललेला. तो तिने हळूच मांडीवर ठेवला. आणि उठून उभी राहिली. तिच्यामागे सगळे उठले.

आधी झटकली याचं मला वाईट वाटलं, पण बायकांना कोट जपायची सवय असते.

नंतर केक. वरचा थर कोणी खरवडावा यावर कोणी बोललं नाही. मेयरनी तो तसाच कापला. मी माझा तुकडा खाल्ला. दाताखाली थोडं कचकचलं.

नेटीला मी घरी सोडलं. बाहीवरची राख तिने तशीच ठेवली होती. घर आलं तरी ती गाडीतून उतरेना.

"त्याने खरंच मागितलं होतं?" तिने विचारलं.

"एकदा. शायलोला."

"मला कधी बोलला नाही."

मी म्हणालो, तोफेचं घरी कोणी बोलत नाही.

ती पुढच्या काचेतून बघत होती. "सगळे उभे होते, एम," ती म्हणाली. "माझी जाऊ शाळेपासून त्याचा रागराग करायची. तीसुद्धा."

मी म्हणालो, हो, मी पाहिलं. मग ती उतरली.

शब्द पाळला. आज मला शांत झोप लागायला हवी. सारखं वाटतंय की ढग जरा लहान होता.

२६ मे, रविवार

सकाळी नेटीचा फोन, नाश्त्याला ये. गेलो. ती चर्चला गेली नव्हती. हिरवा डबा टीव्हीवरून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला होता, आमच्या दोघांच्या मधे. मीठ मागताना तो मला बाजूला करावा लागला.

तिने विचारलं, या वर्षी आणखी सलामी आहे का. मी म्हणालो, अकरा नोव्हेंबरला, शहीद स्मारकापाशी, दरवर्षीसारखी. तेव्हा तिसरी तोफ असेल का? असेल. पेनर असेल? असेल. मग तिने विचारलं, नोव्हेंबरात वारा कुठला असतो. मी सांगितलं, बहुतेक जमिनीवरूनच, पण या वेळी मी स्वतः बघेन.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या वेळी कोण, ही जी काळजी मला त्या दिवशी गाडीत वाटली होती, ती मी कोणाला बोललो नव्हतो. तिने ती न सांगता ओळखली. मी तिचे आभार मानले, आणि म्हणालो की नोव्हेंबर मला जरा लवकर वाटतो, तब्येत तशी ठीक आहे.

नेटी हसायला लागली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. हसता हसता तिने डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ठीक आहे, तुझं नंतर बघू. भिंतीवरच्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान काढून तिने अकरा तारखेवर खूण केली, आणि माझ्या ताटात आणखी दोन पिरोगी वाढल्या.